बर्ड जमतो, थ्रोन जमतो, मधेच कोसळतं: ॲक्रोच्या ट्रान्झिशनमधला नेहमीचा बिघाड

बडोद्याच्या कमाटीबागेत रविवारी सकाळी ॲक्रो, म्हणजे एकाने दुसऱ्याला पायांवर तोलून धरायची जोडीची आसनं, करणाऱ्यांचा आमचा घोळका जमतो. नवी जोडी आली की थोड्याच दिवसांत ठरलेली तक्रार येते, "बर्ड होतो, थ्रोनही होतो, पण एकातून दुसऱ्यात जाताना मधेच सगळं बसतं." मग दोघं बैठका वाढवतात, पोटाचे व्यायाम वाढवतात, आणि पुढच्या रविवारी पुन्हा त्याच जागी कोसळतात. ताकद कमी असती तर आसनंच टिकली नसती. बिघाड बहुतेक वेळा वजन एका पायावरून दुसऱ्यावर जाण्याच्या अर्ध्या सेकंदात असतो, आणि तो शोधायला पैसे लागत नाहीत.

आधी शब्द जुळवून घेऊ. पाठीवर झोपून पाय वर धरणारा बेस, त्याच्या पायांवर जाणारा फ्लायर, बाजूला उभा राहून सावरणारा स्पॉटर. बर्डमध्ये फ्लायर बेसच्या पावलांवर पालथा, आडवा असतो. पावलं त्याच्या कमरेच्या पुढच्या हाडांशी. थ्रोनमध्ये तो बेसकडे तोंड करून पावलांवर बसतो, पावलं मांड्यांखाली. फोल्डेड लीफमध्ये पावलं जांघेच्या घडीत, फ्लायरचे पाय फाकलेले, धड खाली लोंबतं आणि खांदे बेसच्या हातांत. पुढचं सगळं या तीन आसनांमधल्या ये-जा, म्हणजेच ट्रान्झिशन, याबद्दल आहे. उभ्याने करायचे किंवा खांद्यावर चढायचे प्रकार वेगळे, त्यांना हे जसंच्या तसं लावू नका.

लक्षणं कशी ओळखायची

नुसतं "पडतो" एवढं सांगून भागत नाही. कुठे पडतो, कोणत्या दिशेला, जाताना की येताना, हे बघा.

- बर्डमधून निघताना फ्लायर नाकावर येतो: पावलं कमरेवरून मांडीकडे घसरली आहेत.
- उलट फ्लायरचे पाय आधी जमिनीकडे जातात: पावलं पोटावर चढली आहेत.
- थ्रोनमध्ये बसता बसता मागे कलंडतो: पावलं गुडघ्यांच्या फार जवळ लागली.
- नेहमी एकाच बाजूला पडतं: त्या बाजूचा पाय वजन उतरण्याआधीच सुटतो आहे.
- बेसचे पाय त्याच्या स्वतःच्या तोंडाकडे येतात किंवा पलीकडे ढकलले जातात: पाय सरळ उभे नव्हतेच.
- जाताना जमतं, परत येताना नाही: झोकात होत होतं, ताब्यात नव्हतं.
- पहिले काही प्रयत्न छान, मग बिघडतं: घाम किंवा थकवा. इथे तंत्र शोधत बसू नका, पाणी प्या.

यातली दोन लक्षणं एकत्र असतील तर खालच्या क्रमानेच जा. मधली पायरी गाळली की दोन तास भलतीकडेच जातात.

फोन आडवा करून विटेवर ठेवा

सगळ्यात स्वस्त तपासणी ही. फोन बाजूला, बेसच्या कमरेच्या रेषेत, जमिनीपासून दोन-तीन वीत उंच ठेवा आणि स्लो मोशनमध्ये एकच प्रयत्न टिपा. समोरून घेतलेला व्हिडिओ दिसायला छान असतो, पण पाय कलले की नाही हे त्यात कळत नाही. पडण्याचा क्षण बघू नका, त्याआधीचा सेकंद बघा. कोसळणं हा परिणाम असतो. कारण नेहमी थोडं आधी घडून गेलेलं असतं. फ्लायर म्हणते "ताईने पाय काढला", बेस झालेली ताई म्हणते "तूच कललीस", आणि व्हिडिओत या दोन्हींच्या आधी ताईची टाच फिरलेली दिसते.

कपडे, घाम, जमीन

नायलॉनच्या चकचकीत लेगिंगवर पाऊल सरकतं, सुती टाइट्सवर कमी. नाड्याची पँट असेल तर गाठ नेमकी बेसच्या पावलाखाली येते. फ्लायर दुखतं म्हणून नकळत कंबर मागे घेतो आणि तोल जातो. गाठ बाजूला फिरवा. खिशातला मोबाईल आणि किल्ल्या काढा. अंगठ्या, घड्याळ, कडं काढा. मंगळसूत्र किंवा चेन काढायची नसेल तर टीशर्टच्या आत घालून टीशर्ट खोचा, नाहीतर लीफमध्ये ती आधी फ्लायरच्या तोंडात आणि मग बेसच्या डोळ्यावर.

मे महिन्यातल्या बडोद्याच्या उकाड्यात तळपाय ओले असणारच. दोन हातरुमाल जवळ ठेवा, प्रत्येक प्रयत्नाआधी बेसने तळपाय आणि दोघांनी तळहात पुसायचे. पकडीसाठी जिम्नॅस्ट वापरतात तो मॅग्नेशियम कार्बोनेटचा खडू चालतो. अंगाला लावायची टाल्कम पावडर मात्र नको, ती जास्त झाली की उलट घसरवते. मल्लखांबाकडून आलेल्या मुलांना हे खास सांगावं लागतं, कारण तिकडे लाकडाला एरंडेल चोळून घर्षण कमी करतात आणि इथे ते वाढवायचं असतं. सकाळी आंघोळीनंतर मॉइश्चरायझर लावून येणाऱ्यांना तर हात जोडून सांगते, नका लावू.

जमीन घट्ट आणि सपाट हवी. कापसाची गादी किंवा जाड फोम बेसला नको. खांदे एकीकडे रुततात, कंबर दुसरीकडे, आणि पाय हलत राहतात. घरात फरशीवर नुसती सतरंजी टाकलीत तर ती बेससकट सरकते. गवतावर साधी योगा मॅट उत्तम, फक्त हिवाळ्यात दव वाळेपर्यंत थांबा. उताराच्या जागेवर एखाद वेळी वेळ मारून नेता येते, पण शिकण्यासाठी सपाट जागाच शोधा.

आणि हो, सेव-उसळ नंतर. आधी खाऊन लीफमध्ये उलटं लोंबलात तर तिची तिखट आठवण घशाशी येते.

कोण बोलणार?

जुम्मादादा व्यायाम मंदिरासारख्या जुन्या व्यायामशाळेच्या आणि कवायतीच्या हिंदी आज्ञा बसवणाऱ्या प्रो. माणिकरावांच्या गावात हे खरं तर सांगावं लागू नये. शाळेच्या कवायतीत "दाहिने" ऐकू येतं, क्षणभर थांबतं आणि मग "मूड". पहिला भाग सावध करतो, दुसऱ्यावर हालचाल होते. ट्रान्झिशनमध्येही तेच हवं: "उजवा..." आणि मग "सोड". दोन शब्दांच्या मधल्या त्या थांब्यात वजन सरकतं. एकदम "सोड" म्हटलं की एक जण लगेच हलतो, दुसरा अर्ध्या सेकंदाने.

उजवा कोणाचा, हेही आधी ठरवा. दोघं समोरासमोर असतात, त्यामुळे एकाचा उजवा तो दुसऱ्याचा डावा. आम्ही नेहमी बेसचा उजवा धरतो आणि नवीन जोडीत बेसच्या उजव्या घोट्याला लाल रुमाल बांधतो. अगदी बाळबोध वाटतं, पण काही जोड्यांचा सगळा बिघाड एवढ्यानेच गेला आहे.

आज्ञा एकानेच द्यायची, शक्यतो बेसने, कारण वजन कुठे आहे हे त्याच्या पावलांना आधी कळतं. इथे आपल्याकडची एक अडचण येते. मागे एका जोडीत बेस मोठी मावसबहीण, फ्लायर धाकटी. धाकटीला मांडीखाली पाऊल चुकीचं लागल्याचं कळत होतं, पण ताईला कसं सांगायचं म्हणून ती गप्प राहायची आणि अंग आखडून घ्यायची. खाली ताईला वाटायचं, ही घाबरते आहे. त्यांना मी एवढंच ठरवून दिलं की दर थांब्यावर ताईने विचारायचं, "बरोबर आहे का गं?" आणि धाकटीने "हो ताई" किंवा "टाच आत घे" असं मोठ्याने म्हणायचं. गप्प राहिली तर पुढे जायचंच नाही. दुसरा नियम सगळ्यांना सारखा: "उतर" कोणीही म्हणू शकतो, स्पॉटरसुद्धा, आणि तो शब्द आला की कारण न विचारता उतरायचं.

पावलांची जागा

बर्डमध्ये बेसची बोटं किंचित बाहेर वळलेली, पावलं कमरेच्या दोन्ही हाडांशी, टाचा जांघेच्या घडीजवळ. लीफकडे जाताना बोटं आणखी बाहेर वळवायची, म्हणजे फ्लायरला कमरेतून दुमडायला वाट मिळते. बोटं न वळवता दुमडलं तर ती पोटात रुततात आणि फ्लायर निम्म्यातच अडतो. थ्रोनमध्ये पावलं बसण्याच्या हाडांच्या जरा पुढे, मांडीच्या वरच्या भागाखाली. गुडघ्याकडे गेली की वजन मागे राहतं, म्हणून तर फ्लायर पाठीमागे जातो.

जमिनीवरच करून बघा. फ्लायर उभा राहू दे, बेसने पडल्या पडल्या पाऊल लावायचं, स्पॉटरने बघायचं. जागा चुकत असेल तर ती हवेत सुधारणार नाही.

वजन आधी, पाऊल नंतर

आता मुख्य गोष्ट. मी ज्या जोड्या सुधारलेल्या पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकांचं काम इथेच झालं.

बर्डमध्ये आणि थ्रोनकडे निघताना दोघांचे हात धरलेले असतात, म्हणजे फ्लायरला चार आधार: दोन पावलं, दोन हात. एक पाऊल सुटलं की तीन उरतात आणि तिघांवर माणूस निवांत राहतो. पण घाईत जोडी पाऊल काढता काढता हाताची पकडही बदलते. मग उरतात दोन, आणि दोघांवर तोल धरणं हे वेगळं, वरच्या पातळीचं काम आहे. म्हणून नियम साधा ठेवा: एका वेळी एकच आधार हलेल. पकड बदलायची असेल तर दोन्ही पावलं जागेवर. पाऊल बदलायचं असेल तर दोन्ही हात घट्ट, कोपरं सरळ.

दुसरा भाग कमी जणांना माहीत असतो. डावं पाऊल काढायचं असेल तर उजवं आहे तिथेच ठेवून चालत नाही. ते थोडं आत, मधल्या रेषेकडे यायला हवं, कारण आता एकट्याला सगळं पेलायचं आहे. ते बाहेरच राहिलं की फ्लायर सुटलेल्या बाजूला उलटतो. पावलाची फ्लायरच्या अंगावरची जागा बदलायची नाही. अख्खा पायच आत ढकलायचा, आणि फ्लायरने कंबर त्याच्यासोबत नेऊन त्या पायावर "बसायचं".

याची परीक्षा अशी. बर्ड धरा, कुठेही जाऊ नका. बेसने वजन उजव्यावर न्यायचं आणि डावं पाऊल एखादा कागद सरकेल इतकंच सुटं करायचं. सुटं करताना फ्लायर जराही हलला, तर वजन अजून डाव्यावर होतं. पाऊल परत लावा, पुन्हा करा. तळव्याखाली कापड ढिलं झाल्याचं जाणवतं आणि तरी वर काहीच घडत नाही, तोच हवा असलेला क्षण. दोन्ही बाजूंना हे शांतपणे जमेपर्यंत थ्रोनचं नाव काढू नका. एक बाजू नेहमी दुबळी निघते. सराव तिथून सुरू करा.

हे जमलं की पूर्ण ट्रान्झिशन थांब्यांमध्ये तोडा: वजन सरकव, थांब. पाऊल सोड, थांब. मांडीखाली लाव, थांब. "बरोबर आहे का?" मग दुसरी बाजू. ॲक्रोबॅटिक जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धेत तोलाची स्थिती ३ सेकंद धरावी लागते, तोच हिशोब मधल्या थांब्यांना लावा. जिथे ३ सेकंद थांबता येत नाही, तिथेच तुमचा बिघाड आहे. सलग, वाहतं करायची घाई प्रत्येकाला असते, विशेषतः प्राणिसंग्रहालयाकडे निघालेली मंडळी पोरांसकट बघत उभी राहिली की. त्यांना बघू द्या.

परतीचा रस्ताही आधी वेगळा शिका: थ्रोनपासून सुरू करून एकच थांबा मागे, मग दोन.

बेसचे पाय खरंच उभे आहेत का?

वरचं सगळं बरोबर असूनही पाय तोंडाकडे ओढले जात असतील किंवा पलीकडे पळत असतील, तर बेसचं अंग तपासा. पाय सरळ उभा असताना वजन हाडांवरून जमिनीत जातं. कलला की स्नायूंना ते आडवं रोखावं लागतं. ५५ किलोचा फ्लायर असेल आणि पाय २० अंश कलले असतील, तर जवळपास २० किलोइतका जोर आडवा पडतो. स्थिर आसनात तो कसाबसा निभतो. ट्रान्झिशनमध्ये एका पायावर आला की मांडी थरथरते आणि संपलं.

बेसला भिंतीला ढुंगण टेकवून झोपवा, पाय भिंतीवर सरळ. मग कमरेखाली, माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडाशी तुमचा तळहात सरकवून बघा. हाड जमिनीवर नीट दाबलेलं असेल तर हात अडतो. गुडघे वाकल्याशिवाय ते टेकतच नसेल, तर मांडीच्या मागच्या शिरा आखडलेल्या आहेत. दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्यांत हे हमखास दिसतं. त्या मोकळ्या व्हायला काही आठवडे रोज ताण द्यावा लागतो, ओढून-ताणून एका सकाळी होत नाही. तोपर्यंत मॅटची किंवा टॉवेलची घट्ट घडी त्या हाडाखाली द्या. कंबर जरा वर येते आणि पाय उभे राहतात. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

गुडघे वाकवावे लागतात तिथे ते काखांच्या दिशेने वाकवा, पावलं कमरेच्या वरच राहू द्या. आणि वाकवणं व पाऊल हलवणं एकाच वेळी नको.

फ्लायर ढिला पडतो का?

फ्लायरला जमिनीवर पालथं झोपवा, अंग घट्ट करायला सांगा, दोन्ही घोटे धरून वीतभर उचला. मांड्या आणि कंबर फळीसारखी एकत्र उचलली गेली तर ठीक. नुसत्या पोटऱ्याच वर आल्या तर तो हवेतही मधून मोडणार, आणि मोडणारं वजन कुठल्याच बेसला सांभाळता येत नाही. रोज थोडा वेळ प्लँक आणि पालथं झोपून हात-पाय उचलणं, एवढं पुरतं.

भीतीनेही अंग ढिलं पडतं. पाऊल कुठे लागतंय हे बघायला फ्लायर मान खाली घालतो, पाठ गोल होते, वजन सरकतं. नजर बेसच्या चेहऱ्यावर ठेवायची. पाऊल बघण्याचं काम स्पॉटरचं.

जोडी बदलून बघा

एखाद्या जाणकार बेसबरोबर तुमचा फ्लायर नीट जातो का? जाणकार फ्लायर तुमच्या बेसवर नीट येतो का? दोन प्रयत्नांत कळतं की दुरुस्ती कोणाकडे हवी. हे शेवटी ठेवलं आहे, कारण अनोळखी जोडीत स्पॉटर लागतोच. थ्रोनसाठी तो फ्लायरच्या पाठीमागे उभा हवा, लीफसाठी बाजूला, कमरेजवळ. आणखी एक, माणसं दुखावली जातात. नवरा-बायकोच्या जोडीत तर सांभाळूनच सुचवा.

इथे थांबा

स्पॉटर नसेल तर नवं ट्रान्झिशन करू नका, लीफ तर नाहीच. एकाच दिवशी एकाच जागी तीनदा पडलात तर ती हालचाल त्या दिवसापुरती बंद. चौथ्यांदा अंग आधीच पडायच्या तयारीत असतं.

वरचं सगळं तपासूनही काही आठवड्यांत फरक नसेल तर प्रशिक्षक गाठा. जिम्नॅस्टिक्स किंवा मल्लखांबाचा अनुभवी शिक्षक चालेल. पडायचं कसं आणि पडणाऱ्याला धरायचं कसं, हे त्यांना पक्कं येतं. तेवढं तरी त्यांच्या समोर गादीवर शिकूनच घ्या, व्हिडिओ बघून नको.

ज्यांचा रक्तदाब ताब्यात नाही, ज्यांना काचबिंदू आहे, ज्या गरोदर आहेत, ज्यांच्या मानेला किंवा पाठीला नुकती इजा झाली आहे, त्यांनी उलटं लोंबायच्या प्रकारांआधी डॉक्टरांना विचारायचं, ग्रुपमधल्या कोणाला नाही.

मनगट, गुडघा किंवा कंबर सरावानंतर दुसऱ्या दिवशीही दुखत असेल तर विश्रांती. आठवडाभरात उतरलं नाही तर फिजिओथेरपिस्ट. पडल्यावर मनगट सुजलं, वाकडं दिसलं किंवा वजन घेता येईना, तर त्याच दिवशी एक्स-रे. आमच्याकडे अजूनही आधी चोळून घ्यायची सवय आहे. हाड मोडलेलं नाही हे कळल्याशिवाय कोणाकडूनही चोळून घेऊ नका.

डोक्यावर किंवा मानेवर पडलं आणि मान दुखते, हातापायात मुंग्या येतात, बधिर वाटतं, उलटी होते किंवा बोलणं असंबद्ध वाटतं, तर उठवून बसवू नका, पाणी पाजू नका, मान हलवू नका. आहे तसं झोपवून ठेवा, एकाने डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरा, दुसऱ्याने १०८ लावा. "जरा पडून राहिलो की बरं वाटेल" असं तो स्वतः म्हणाला तरी लावा.

डॉक्टरांनी परवानगी दिली की पुन्हा सुरुवात बर्डपासून, हात धरून, स्पॉटर ठेवून. मग कागदाची परीक्षा, मग थ्रोन. लीफ सगळ्यात शेवटी.